सारवलेलं मैदान

आमच्या कॉलेजातल्या मुलींच्या बास्केटबॉलचा इतिहास सांगायचा तर तो शेणापासून सुरू करावा लागतो. समारंभात तो वेगळा सांगतात, त्यात दूरदृष्टी आणि प्रेरणा असले शब्द असतात. पण पहिल्या संघातली मी अजून जिवंत आहे आणि मला आठवतं ते शेण.

जळगावातलं आमचं कॉलेज नवं होतं. मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात चिखल, नंतर फुफाटा, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. खेळाच्या बाई मूळच्या खो-खोच्या. बास्केटबॉल त्याही आमच्याबरोबरच शिकत होत्या. एकदा धुळीने खोकून बेजार झाल्या आणि म्हणाल्या, पोरींनो, ही धूळ बसवा काहीतरी करून. आम्ही पहूर, जामनेरकडच्या खेड्यांतल्या मुली. धूळ बसवायचा एकच उपाय आम्हाला ठाऊक होता. रविवारी टोपल्या घेऊन आलो आणि अख्खं मैदान सारवून काढलं. एकीने मधल्या वर्तुळात रांगोळी घातली.

मी तेव्हा स्वतःला मोठी खेळाडू समजत असे. खरं म्हणजे मी उंच होते, एवढंच. त्या उंचीपायी घरचे माझ्या लग्नाच्या काळजीत, आणि मी मात्र रिंगखाली छाती काढून उभी. हात माझा सारवणातच काय तो चांगला होता. वळसे असे सुबक काढायची की बाईंनी मैदानाची ती बाजू कायमची माझ्याकडे दिली. मला तो खेळातला मान वाटला!

सारवलेल्या जमिनीवर चेंडू उसळत नाही. थप्प करून बसतो आणि हाताला जे लागायचं ते लागतं. मग बाईंनी नियम केला: चेंडू जमिनीला लावायचाच नाही, हातातून हातात द्यायचा. आम्ही त्यात तरबेज झालो. पुढे धुळ्याला सामन्याला गेलो, तिथे सिमेंटचं मैदान. कुणाचा तरी चेंडू जमिनीवरून असा उसळला की थेट माझ्या नाकावर. मी नाक धरून पंचांना ऐटीत सांगितलं, की तुमची जमीन बिघडलेली आहे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन गेले. बाई गेल्या, मैदानावर सिमेंट आलं, शेण गेलं. नियम तेवढा राहिला. थोरल्या मुली धाकट्यांना सांगत, आपल्यात चेंडू आपटत नाहीत. एखाद्या घरात अमुक भाजी करत नाहीत, का ते कुणाला माहीत नसतं, तसंच. आपटला तर मैदानाला फेरी मारायची शिक्षा. हे मला कळलं ते माझी नात त्याच कॉलेजात जाऊन संघात शिरली तेव्हा. पिंप्राळ्याला आमच्या ओट्यावर बसून तिने मलाच मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आजी, आपली एक परंपरा आहे. मी तोंडाला पदर लावला आणि काही बोलले नाही. अशी गंमत रोज थोडीच हाती लागते.

गंमत अंगाशी आली ती या हिवाळ्यात.

संघ आटत आटत पाच मुलींवर आला होता. दोन वर्षं तर सामन्यांतून नावच मागे घ्यावं लागलं. नात कर्णधार, म्हणून प्राचार्यांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, यंदा धुळ्याला एक सामना शेवटपर्यंत खेळून या. जिंका असं म्हणत नाही. तेवढंही जमलं नाही तर रिंग काढतो आणि तिथे स्कूटी लावायला शेड घालतो. मुलींना शेडच हवी आहे, असंही ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. खेळाच्या सरांना मुलांच्या संघाबरोबर दुसऱ्या मैदानावर थांबायचं होतं. मुलींबरोबर कुणीतरी बाई माणूस हवं, म्हणून माजी खेळाडू या नावाखाली मला नेलं. दुखरे गुडघे आणि दशम्यांचा डबा घेऊन मी निघाले.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात आमच्या संघातल्या पहूरच्या मुलीचा पाय मुरगळला. घोटा डोळ्यांदेखत सुजला. आमच्या बाकावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. राहिल्या चौघी. पंच म्हणाले, मैदानावर दोघी असेपर्यंत सामना चालेल. एकटी उरली की संपला. तेव्हा मला हे ऐकून धीर आला होता.

मध्यंतरात कुंपणापाशी एक मोटारसायकल थांबली. पारोळ्याकडच्या आमच्या मुलीचे काका. मुलगी त्यांना बघताच बुटाची नाडी सोडायला लागली, म्हणजे तिला माहीत होतं. काका माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"अक्का, घर पाव्हना येल शेतस. पोरले धाडा."

मी म्हटलं, "भाऊ, जराखा थांब. खेळ सरी जाऊ दे."

"पाव्हना थांबत नई, अक्का. तुमले काय सांगू, तुम्ही बी पोरी उजवेल शेतस."

मुलगी बघायला पाहुणे आले होते, आणि पोरी तर मीही उजवल्या होत्या. त्या पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी करीनच. मी तिच्या हातात दोन दशम्या दिल्या. ती खेळाच्या कपड्यांवरच ओढणी घेऊन मागे बसली आणि गेली.

तिघी उरल्या. मी बाकावरून उठून रेषेपाशी जाऊन उभी राहिले. समोरच्या धुळ्याच्या मुली धडधाकट, त्यांच्या बाकावर आणखी तेवढ्याच. आमच्या पोरी हातातून हातात चेंडू देत होत्या, देखणं देत होत्या, पण द्यायला माणूस कुठे होतं? चेंडू हातात धरून पळता येत नाही, म्हणून धरून उभं राहायचं, समोर तिघी-चौघी अंगावर यायच्या, चेंडू जायचा. मग तो परत घ्यायला आमची पोर जिवाच्या आकांताने झडप घालायची आणि शिट्टी वाजायची. चुका मोजल्या जात होत्या. पाच झाल्या की मुलगी बाहेर. तिघींपैकी एकीच्या पाच भरल्या. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि टॉवेलात तोंड घालून राहिली.

आता माझी नात आणि एक बुटकी मुलगी, दोघीच. नातीच्या चार चुका झालेल्या. आणखी एक झडप, की सामना तिथेच संपणार. घड्याळ मात्र हलायला तयार नव्हतं. मी आमच्या कानबाई देवीला साकडं घातलं. कानबाईला बास्केटबॉलातलं काय कळतं, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

नातीच्या हातात चेंडू आला. बुटकीला तिघींनी घेरलेलं. नात चेंडू छातीशी धरून खिळल्यासारखी उभी. चेंडू गेला की ती झडप घालणार, हे तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. तो हरवू नये, चार पावलं पळता यावं, याला एकच मार्ग होता. साऱ्या जगातल्या मुली तोच मार्ग वापरतात, आणि माझ्या नातीला तो पाप वाटत होता. कशामुळे, हे त्या मैदानावर फक्त मला ठाऊक होतं.

मी ओरडले, "आपट वं! चेंडू आपट!"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं, जणू मी तिला देव्हाऱ्यात चपला घालून जायला सांगितलं होतं.

"आजी, आपल्यात..."

"आपल्यात काही नाही. आपट आणि पळ."

तिने आपटला. चेंडू भलतीकडेच उडाला. धुळ्याच्या मुली हसल्या, पण हसण्यात त्यांचा एक क्षण गेला आणि चेंडू परत नातीच्या हातात आला. मग ती कोपऱ्यात घुसली, पाठ सगळ्यांकडे, डोळे जमिनीवर, आणि एकेक थाप मोजल्यासारखी चेंडू आपटत राहिली. निसटला की तशीच मागे धावायची, पण अंगावर जायची नाही. समोरच्या मुली त्यांचे गुण करून घेत होत्या. घेऊ देत. मी रेषेपाशी प्रत्येक थापेला श्वास धरत होते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैदानावर आमच्या दोघी होत्या. फळ्यावरच्या आकड्यांकडे बघायचं नाही, असं आम्ही न बोलता ठरवलं.

एसटीत नात खिडकीशी बसली. एरंडोल आलं. मग म्हणाली, की तू तर पहिल्या संघातली. आपल्यात आपटत नाहीत हे तुला माहीत नव्हतं का? मी तिला सगळं सांगितलं. टोपल्या, रांगोळी, माझे सुबक वळसे, नाकावर बसलेला चेंडू. मला वाटलं, आता हसेल.

ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही शेण चुकवत होतो?"

मागच्या बाकावर ती मुरगळलेल्या पायाची मुलगी हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. कुणी कुणाला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो तर शेडचे लोखंडी पाइप रिंगखाली येऊन पडलेले. प्राचार्य म्हणाले, खेळलात हे खरं, मी शब्द फिरवत नाही. पण पुढच्या वर्षी पाच तरी मुली आणाल का? शेडवाला पाइप परत नेत नाही. जूनपर्यंत ते तिथेच राहतील.

नात रोज सकाळी त्या पाइपांच्या मधून चेंडू आपटत जाते. अजून तिला नीट जमत नाही. पारोळ्याच्या मुलीचं जमलं, साखरपुडा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. पहूरच्या मुलीच्या घरून निरोप आला की आता खेळ पुरे. नव्या मुलींना विचारलं तर त्या आधी विचारतात, शेड कधी होणार.

उद्या मी पारोळ्याला जाणार आहे. त्या काकांकडे नाही, मुलीच्या होणाऱ्या सासूकडे; सासरही तिथलंच. लग्नानंतर खेळू नये असं कुठे आहे, एवढंच विचारायला. ती मला वेडी म्हणेल. म्हणू दे. माझ्या वेळी हे विचारायला कुणी आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मला तेव्हा सासरची ओसरी सारवून दाखवायची घाई होती.