पुलावर आडवे पडलेले भावोजी

माझे भावोजी लिफ्ट दुरुस्त करतात. कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की फोन यांना येतो. मग हा माणूस ताटावरून उठतो आणि खरकट्या हाताने फोन धरून म्हणतो, "दारापासून लांब उभे राहा. श्वास सावकाश घ्या. मी निघालोय." निघालेले नसतातच, दुसरा मोजा शोधत असतात. पण आवाज असा लावतात, की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा. ताई म्हणते, "माझ्याशी इतकं गोड बोलायला मला लिफ्टमध्येच जाऊन बसावं लागेल."

दहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं लिफ्टच्या दोरात सापडली. बोटं वाचली, पण वाकेनात. घरी बसून बसून ते इतके कातावले, की ताईने मला सांगितलं, बाई गं, यांना कशात तरी गुंतव. मी त्यांना कॉम्प्युटरवरच्या माझ्या खेळात ओढलं. त्या खेळात हजारो माणसं एकाच वेळी खेळतात, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं आणि टोळी करून हिंडायचं. मी चोर होते. भावोजींनी वैद्य घेतला. खेळ तसा संथ, एक वार केला की चहाचा घोट घ्यायला सवड, त्यामुळे ताठ बोटांनीही निभायचं. आणि त्यात एक हट्टी नियम होता. पडलेला माणूस आपला आपण उठत नाही. त्याच्याच टोळीतल्या कुणीतरी शेजारी येऊन मिनिटभर बटण दाबून धरायचं, तेव्हा तो उभा राहतो. नाहीतर टोळी सोडायची, मग तो गावात नव्याने उठतो. आमच्यातलं कुणी पडलं की भावोजी लिहायचे, "हलू नका, मी निघालोय."

टोळीत आम्ही पाच जण. आम्ही दोघं, चित्रकलेचे मास्तर, टायरच्या दुकानाचा मालक, ज्याला आम्ही पंक्चर म्हणायचो, आणि एक लायब्ररीवाली. नऊ वर्षं दर रविवारी दुपारी दोनला खेळातल्या पुलावर जमायचं ठरलेलं.

मग त्याच खेळाचा दुसरा भाग आला. काय तो देखणा, काय तो वेग! एकदा माझ्या घरी भावोजींनी तो अर्धा तास खेळून पाहिला. अकरा वेळा पडले. दर वेळी पाच सेकंदांत सोंग आपोआप उभं राहायचं.

"इथे उचलायला कुणाला बोलवायचं?"

"कुणालाच नाही हो. आपोआप उठतो."

"मग माझं काम काय?"

मी हसले. खो खो हसले. ते आठवलं की आज माझी मलाच लाज वाटते.

टोळीने कुठे खेळायचं यावर गुप्त मतदान झालं. पंक्चर आणि लायब्ररीवाली नव्याकडे, भावोजी आणि मास्तर जुन्याकडे, हे उघड होतं. उरले मी. भावोजींना मी सांगितलं होतं, काळजी करू नका, मी तुमच्याच बाजूची. आणि मत नव्याला दिलं. तीन विरुद्ध दोन. संध्याकाळी त्यांना फोन करून वर मीच म्हणाले, "मी जुन्यालाच दिलं हो. मास्तर फिरले वाटतं!" मी दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते. "अजिबात दुखणार नाही" हे दिवसातून वीसदा सांगायची जिभेला सवय आहे.

"असेल," भावोजी म्हणाले.

"दोन आठवडे तिकडे बघून परत येतो आम्ही. तुम्ही जागा धरून ठेवा."

मास्तरांनी दोन दिवस तोंड पाडलं आणि तेही नव्यात आले. दोन आठवड्यांचे सात महिने झाले. मी भावोजींकडे जेवायला जायची, लिफ्टच्या गमती ऐकायची, पण खेळाचं नाव काढायची नाही. तेही काढायचे नाहीत.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर ताईचा फोन आला. "अगं, यांचं ते कॉम्प्युटरमधलं माणूस कधीचं आडवं पडलंय. मेलंय की झोपलंय? रोज उघडून बघतात नि बंद करतात. विचारलं तर म्हणतात, येतील."

मी लगेच जुना खेळ उघडला. पुलावर वैद्य पालथा पडलेला, डोक्यावर पाटी : पडून दोनशे तीन दिवस. आम्ही गेल्यावर आठच दिवसांत पडले होते, एकटे. त्यांनी टोळी सोडली असती तर त्याच क्षणी गावात उठले असते. सोडली नव्हती.

तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. "आलीस?"

मी त्यांना फोन लावला, तो स्पीकरवर ठेवला आणि बटण दाबून धरलं. मिनिट सुरू झालं.

"भावोजी, ते मत मास्तरांचं नव्हतं. माझं होतं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मास्तरांकडे वीज नव्हती. ते इथे येऊन माझ्याच कीबोर्डवरून मत देऊन गेले."

"मग त्या संध्याकाळी मला बोलला का नाहीत? शिव्या तरी घालायच्या!"

"तू परत येते म्हणालीस. शिव्या घातल्या असत्या तर आली असतीस का?"

मला रडू फुटलं. बटण सुटलं, मिनिट वाया गेलं. "घाई नको. पुन्हा धर," ते म्हणाले. त्याच लिफ्टच्या आवाजात. मी पुन्हा धरलं. वैद्य उठला, अंगावरची धूळ झटकली.

एवढ्यात फोन थरथरला. दोन वाजले होते. पंक्चरचा निरोप, पाठोपाठ लायब्ररीवालीचा : कुठे आहेस, सगळे खोळंबलेत.

"बोलावतायत वाटतं?"

"थांबतील."

"कशाला थांबवतेस? जा. मी उठलो ना आता."

नाही जात, हे दोनच शब्द म्हणायचे होते. पण खरं सांगते, मला नवा खेळ आवडतो. जुना उघडून दहा मिनिटं झाली नव्हती आणि त्याच्या संथपणाने माझा पाय हलायला लागला होता.

"पुढच्या रविवारी नक्की येते," मी म्हणाले. तोंडातून आवाज निघाला तो काउंटरवरचा. त्यांनाही तो ओळखू आला असणार, नऊ वर्षं ऐकतायत.

"बरं. मी आहे इथेच."

वैद्य पुलाच्या कडेला सरकला आणि कठड्याला टेकून बसला, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट राहील असा. मी खेळ बंद केला आणि दुसरा उघडला.