देण्याघेण्यातल्या दोन रात्री

“सर, फुकट आलेली वस्तू घरात कुणाची असती?”

जळकोटच्या सिद्धम्मांनी हा प्रश्न मला २०२४ च्या फेब्रुवारीत विचारला. तुळजापूर तालुक्यातील महिला बचत गटांच्या ऑनलाइन व्यवहारांविषयी मी तेव्हा माहिती गोळा करत होतो. माझ्या प्रश्नावलीत घर कुणाच्या नावावर, शेत कुणाच्या नावावर, दागिने कुणाच्या ताब्यात असे रकाने होते. फुकट आलेल्या वस्तूसाठी रकाना नव्हता. मालकी आणि ताबा यांतील भेदाविषयी मी काही बोललो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “म्हंजी तुमाला बी ठाव न्हाय.” ते खरे होते. त्या वस्तूची हकीगत त्यांनी नंतर तीन बैठकांत सांगितली, आणि त्यांच्या पतीने, कल्याणप्पांनीही, आपली बाजू राखून ठेवली नाही.

सिद्धम्मांचे माहेर सीमेपलीकडे, आळंद तालुक्यात. १९९३ साली एकोणिसाव्या वर्षी त्या जळकोटात आल्या तेव्हा त्यांना मराठी समजत होती, बोलता येत नव्हती. बोलायला त्या शिकल्या पतीच्या कापड दुकानात, गिऱ्हाइकांकडून. त्यामुळे त्यांच्या मराठीत आजही भाव करण्याची लय आहे: वाक्य पुढे टाकायचे, थांबायचे, समोरच्याचा चेहरा पाहायचा. दुकान हमरस्त्यावर आहे आणि त्याचा मुख्य धंदा लग्नाच्या आहेराचा. या धंद्यात नेसायची साडी वेगळी आणि देण्याघेण्याची साडी वेगळी. दुसरीला कुणी अंगाला लावत नाही. ती एका लग्नातून येते, पेटीत राहते, दुसऱ्या लग्नात जाते. कधी कधी पाच घरे फिरून मूळ दुकानदाराच्या भाचीच्या ओटीत येऊन पडते. कल्याणप्पांनी तीस वर्षे अशी साडी विकली आहे. जी वस्तू पैसे न मोजता घरात येते ती देण्यासाठीच असते, हा त्यांचा पक्का समज त्या तीस वर्षांत घडलेला आहे, आणि या हकीगतीत तो समज मध्यभागी आहे.

२०१८ साली आळंदची वडिलोपार्जित जमीन विकली गेली तेव्हा भावांनी सिद्धम्मांना त्यांचा हिस्सा न मागता दिला. ती रक्कम त्यांनी नळदुर्गच्या बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवली, आणि त्या ठेवीच्या तारणावर बँकेने त्यांना क्रेडिट कार्ड दिले. अर्जावर मोबाईल क्रमांक लिहायची वेळ आली तेव्हा कल्याणप्पांनी दुकानाचा क्रमांक लिहिला. तोवर त्या घराच्या सगळ्या कागदांवर तोच क्रमांक होता. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही. ॲप मात्र मुलीच्या, शिवांजलीच्या (घरात ती ‘शिवी’) मोबाईलवर उतरवले गेले, कारण घरात ते तिलाच वाचता येत होते.

कार्डाबरोबर एक पुस्तिका आली होती. खर्चावर पॉइंट मिळतात आणि पुरेसे पॉइंट साठले की काही हॉटेलांत फुकट राहता येते, असे शिवांजलीने तीतून वाचून दाखवले. एका पानावर गोव्याकडच्या एका हॉटेलातील खोलीचे चित्र होते: पांढरी चादर, खिडकी, खिडकीत समुद्र. दोन रात्रींना तीस हजार पॉइंट.

सिद्धम्मा आयुष्यात अनेकदा घराबाहेर मुक्कामाला राहिल्या होत्या, पण नेहमी नातेवाइकांकडे किंवा मठात. नातेवाइकांकडे पहिला चहा झाला की त्या आपोआप ओट्याशी उभ्या राहत. श्रीशैलला दर्शनाला गेल्या तेव्हा मठातल्या दासोहाच्या, म्हणजे अन्नदानाच्या, पंगतीसाठी दोन दिवस पोळ्या लाटल्या, काशीलाही तेच. याविषयी त्यांची तक्रार नाही. त्यांनी मला फक्त एवढे सांगितले, “जिथं ‘कुणाची सून’ म्हणून कुणी इचारणार न्हाय. म्या कुणाला वाढणार न्हाय. सकाळी उठून चादरीची घडी घालायची न्हाय. आसं एक ठिकाण. दोन राती. बास.”

हे त्यांनी तेव्हा घरातही सांगितले होते. कल्याणप्पा हसले होते. “आगं, घरात सा खोल्या हाईत. रोज एकीत नीज.”

त्यानंतर साडेचार वर्षे सिद्धम्मांनी पॉइंट साठवले. ही रीत त्यांनी स्वतः घडवली. गल्लीत कुणाला विजेचे बिल भरायचे असो, शिलाई मशीन मागवायचे असो, मुलाच्या कॉलेजचे शुल्क असो, ती बाई रोख रक्कम सिद्धम्मांकडे आणून देई आणि सिद्धम्मा कार्डावरून भरणा करीत. रोख दुसऱ्याच दिवशी बँकेत जाई. कार्डाचे एकही बिल थकले नाही. बचत गटाच्या अध्यक्ष कडूबाई या शेजारीण. त्यांच्या घरी मेंढरे आहेत आणि जिभेवर कुणाचा मुलाहिजा नाही.

“सिद्धम्मा, मिक्सर माजा, पैसं माजं, आन् त्यात हाटेलाची चटणी तू वाटतीस व्हय गं?”

“तुला काय कमी पडलं का त्यात?”

“न्हाय गं. जाशील तवा मला एक साबनाची वडी आन तिथली. मेंढरं बी म्हनतील, कडू आज गोव्याची हाय.”

२०२३ च्या एप्रिलमध्ये तीस हजारांचा आकडा ओलांडला. पण मे महिन्यात शिवांजलीचे लग्न होते, म्हणून जाणे पुढच्या संक्रांतीनंतर ठरले. ठरले म्हणजे सिद्धम्मांनी सांगितले आणि कल्याणप्पा “बरं” म्हणाले.

शिवांजलीला माकणीला दिले. फेब्रुवारीत साखरपुड्याला माकणीच्या विहीणबाईंनी जळकोटकरांकडच्या बायकांना साड्या दिल्या होत्या. त्यातली एक मोरपंखी साडी पेटीत गेली. मेमध्ये लग्नाच्या आहेराचा गठ्ठा कल्याणप्पांनी स्वतः लावला, आणि तीच मोरपंखी साडी विहीणबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या ओटीत पडली. बहिणीने घडी उलगडली. पदराच्या कोपऱ्यावर कुंकवाचे बोट लागले होते, आणि साखरपुड्यात ते तिच्याच हातून लागले होते.

“आमचंच लुगडं आमाला?” ती मांडवात सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “कापडवाल्याच्या घरात कापड संपलं का काय?”

फिरती साडी सगळेच देतात. ती मूळ घरी परत जाणे मात्र अक्षम्य. त्यात देणारा कापड दुकानदार. माकणीची मंडळी गोड न खाता उठली. पुढे दोन महिने विहीणबाई शिवांजलीच्या हातचा चहा घेत नव्हत्या. त्या वर्षी अधिक श्रावण आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचे म्हणून कल्याणप्पा माकणीला गेले, तेव्हा विहीणबाईंनी ताटातल्या कापडाकडे बोट दाखवून विचारले, “ह्ये बी कुठून फिरून आल्यालं न्हाय न्हवं?”

फिरवताच येणार नाही अशी वस्तू आपण त्या वेळी मनात शोधत होतो, असे कल्याणप्पांनी मला सांगितले. ती त्यांना सापडली. “तुमी आन् व्याही गोव्याला जावा,” ते म्हणाले. “समिंदराकाठी, मोठ्या हाटेलात, दोन राती. ह्ये कुनी कुनाला फिरवून देऊ शकत न्हाय.” शिवांजली तिथेच उभी होती. तिने मोबाईल काढून आईच्या पॉइंटांवर ती खोली ठरवायला घेतली. कल्याणप्पांच्या खिशातल्या दुकानाच्या फोनवर ओटीपीचे सहा अंक आले. ते त्यांनी वाचले आणि तिने दाबले. त्या दिवशी विहीणबाईंनी सुनेच्या हातचा चहा घेतला.

सिद्धम्मांना हे कुणी सांगितले नाही. पुढचे पाच महिने त्या फोनवर मुलीला विचारत राहिल्या, “पॉइंट हाईत का गं?” आणि मुलगी म्हणत राहिली, “हाईत की, अव्वा.” संक्रांत झाल्यावर त्यांनी खोली ठरवायला सांगितले. शिवांजलीने एकदा नेट नसल्याचे सांगितले, एकदा ॲप उघडत नसल्याचे. शेवटी जानेवारीच्या अखेरीस सिद्धम्मा कार्ड रुमालात गुंडाळून कडूबाईंबरोबर नळदुर्गला बँकेत गेल्या.

बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने संगणकात पाहिले. “मावशी, पॉइंट चौदाशे आहेत.”

“तीस हजाराच्या वर होते.”

“ते ऑगस्टमध्ये वापरलेत. गोव्याचं हॉटेल, दोन रात्री.”

कडूबाई उसळल्या. “आरं, ही बाई तुळजापुराच्या पुढं गेली न्हाय वरीसभर! चोरी हाय ही. लिव्ह तक्रार.”

अधिकाऱ्याने तक्रारीचा कागद काढला आणि पडद्यावरून राहणाऱ्यांची नावे वाचली. रेवणसिद्धप्पा. त्यांच्या पत्नीचे नाव. मग ज्या मोबाईलवर अंक गेले होते तो क्रमांक. “हे ओळखीचे आहेत का तुमच्या?”

सिद्धम्मा म्हणाल्या, “व्याही हाईत.”

“आणि नंबर?”

“आमच्या दुकानाचा.”

अधिकाऱ्याने कागद हळूच परत ओढून घेतला. “मग याला फसवणूक म्हणता यायचं नाही, मावशी.”

परतीच्या बसमध्ये दोघींचे तिकीट कडूबाईंनीच काढले आणि जळकोटला उतरल्यावर सिद्धम्मा थेट दुकानाकडे वळल्या. 

दुकानात गिऱ्हाईक होते. सिद्धम्मा ते जाईपर्यंत गादीच्या कडेला बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “माज्या राती तुमी देऊन टाकल्या.”

कल्याणप्पांनी नाकारले नाही. “पोरीचा संसार व्हता. आन् आपलं काय गेलं? फुकटचं तर व्हतं ते.”

“फुकटचं?”

“मंग? खिशातलं एक नाणं बी गेलं का?”

“साडेचार वर्सं गल्लीतल्या बायकांची बिलं भरत बसले म्या. दोनदा भर उन्हात नळदुर्गला गेले बँकेचं मशीन बंद म्हून. ती वर्सं तुमाला दिसली न्हाईत?”

“आगं, मी तुला नेतो की. पैसं देऊन नेतो. सोलापुरात बी चांगली हाटेलं हाईत.”

“तुमी पैसं दिलं की ती खोली तुमची हुईल. तिथं बी म्या तुमची कापडं धुईन.”

कल्याणप्पांना यात राग दिसला. त्यांच्या मते तो चार दिवसांत निवळणार होता. तोच समज धरून त्यांनी पुढचे वाक्य बोलून टाकले, आणि ते बोलायला नको होते असे ते स्वतःच आता म्हणतात. “मी एकट्यानं न्हाय केलं. बटन शिवीनं दाबलं.”

त्या संध्याकाळी सिद्धम्मांनी मुलीला फोन केला. हे संभाषण मला दोघींनीही सांगितले आहे आणि त्यांच्या सांगण्यात फरक नाही. आईला शिवांजली ‘अव्वा’ म्हणते आणि सासूला ‘अत्ती’.

“अव्वा, अत्ती माज्याशी बोलत नव्हती गं. दोन महिने. भांडं उचललं तर पुसून घ्यायची.”

“मला का न्हाय सांगितलंस?”

“तू न्हाय म्हनली असतीस का?”

“न्हाय म्हनले नसते. दिल्याच असत्या.”

“मंग?”

“मंग काय, शिवी? देणारी म्या असते. आता म्या कुनीच न्हाय. पाच महिने इचारत व्हते, तू ‘हाईत की’ म्हनत व्हतीस. ते म्हनताना तुज्या जिवाला काय झालं न्हाय?”

शिवांजली रडू लागली. सिद्धम्मांनी तिला जेवली का असे विचारले आणि फोन ठेवला.

नवऱ्याने केले ते त्याच्या धंद्याच्या सवयीने केले, असे त्या मानतात. त्याला फिरती साडी आणि साठवलेली रात्र यांत फरक कळला नाही. मुलीला मात्र कळत होते. पुस्तिकेतले ते पान तिनेच वाचून दाखवले होते. आईने खोलीतल्या चादरीविषयी काय म्हटले होते ते तिला शब्दशः ठाऊक होते. म्हणून सिद्धम्मांचा विश्वासघात मुलीपाशी सुरू होतो, आणि त्याच मुलीच्या सुखासाठी तो झालेला असल्याने त्यांना तो कुणापुढे मांडता येत नाही. गल्लीत मांडला तर मुलीचे सासर बदनाम. माकणीत मांडला तर मुलीचा चहा पुन्हा बंद.

मार्चमध्ये विहीणबाई जळकोटला आल्या. सिद्धम्मांनी पुरणपोळी केली, वाढली. विहीणबाई मनापासून खूश होत्या आणि त्यांना काही ठाऊक नव्हते. “व्याह्यांनी लई मोठं मन दाखवलं बगा,” त्या म्हणाल्या. “पर खरं सांगू का ताई? ती गादी इतकी मऊ, पाठ धरली. आमी दोघं बी खाली सतरंजी टाकून निजलो. दशम्या नेल्या व्हत्या घरनं, त्याच खाल्ल्या. आन् सकाळी ती पोरगी चादर बदलायला आली, तर म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे माय, घडी म्याच घालते.”

“समिंदर दिसला का खिडकीतून?” सिद्धम्मांनी विचारले.

“पडदा लावूनच ठिवला व्हता. उजेड लई यायचा.”

सिद्धम्मांनी त्यांच्या पोळीवर तूप वाढले. कल्याणप्पा तेव्हा समोरच जेवायला बसले होते; ताटातून मान वर न काढता त्यांनी ते जेवण संपवले.

त्याच आठवड्यात सिद्धम्मांनी बँकेत जाऊन दुकानाचा क्रमांक काढून टाकला आणि स्वतःच्या मोबाईलचा दिला. अधिकाऱ्याने आता नव्याने पॉइंट साठवता येतील असे सुचवले. सिद्धम्मांनी नकारार्थी मान हलवली. गल्लीतल्या बायका पुढेही रोख घेऊन येत राहिल्या. त्यांनी प्रत्येकीला तालुक्याला जाऊन स्वतः भरायला सांगितले. कडूबाईंनी एकदा गाऱ्हाणे मांडले, “आगं, माज्या बिलानं तुजं काय वाकडं केलं?” सिद्धम्मा म्हणाल्या, “तुज्या बिलानं न्हाय. आता साठवायचा धीर न्हाय माज्यात. साठलं की घरात कुनालातरी त्याची गरज पडती.”

शिवांजली दिवाळीला माहेरी आली, चार दिवस राहिली. आईने तिचे सगळे लाड केले. मोबाईल तिच्या हाती दिला नाही.

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी सिद्धम्मांनी ती ठेव मोडून कार्ड बँकेला परत केले. त्यावर शिल्लक असलेले चौदाशे पॉइंट नियमाप्रमाणे रद्द झाले.