कानाला पेचकस

आमच्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं नाही असं एकही इंजिन यवतमाळ जिल्ह्यात शिल्लक नसावं. पेचकसाचं टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला, आणि भोवतालच्या जगाने चूप बसायचं. एका गाडीमालकाचा फोन मध्येच वाजला, तर मिस्त्रींनी त्यालाच बाहेर काढलं. "पेशंट बोलून राह्यला, अन् तुम्ही मधात काय बोलता?" मारेगावच्या एका डॉक्टरांनी कौतुकाने आपला स्टेथोस्कोप देऊ केला. मिस्त्रींनी लावून पाहिला आणि परत दिला. "याच्यात दिलाची धडधड येते डॉक्टरसाहेब, इंजिनातल्या टॅपेटची टकटक नाई येत."

मी त्याच वर्कशॉपचा मॅनेजर. वर्षानुवर्षं इंजिनाच्या बढाया मारणाऱ्या आमच्या कंपनीने एक दिवस स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी काढली. पत्रकावर छापलं होतं: आवाज नाही, धूर नाही, ऑइल नाही. "मंग हाय काय गाडीत?" मिस्त्रींनी विचारलं. नागपूरच्या प्रशिक्षणासाठी कंपनीने दोन नावं मागितली. पहिलं नाव त्यांचंच असायला हवं होतं. मी टाकलं नाही. हे तिथे पेचकस काढतील, लोक हसतील आणि ते हसू माझ्यावर येईल, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांना मात्र सांगितलं, "कंपनीने चाळिशीच्या आतलेच मागितले." ते "बरं" म्हणाले. पुढे ते नव्या गाड्यांकडे फिरकेनासे झाले आणि मी त्यांच्या नजरेला नजर देईनासा. दोन वर्षं.

यंदा पुन्हा पत्र आलं. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. वयाची अट नव्हतीच, हेही.

"मले ठाऊक होतं साहेब. पत्र तुमच्या टेबलावरच पडून होतं."

"मंग बोलले काहून नाही?" मी विचारलं.

"कायले बोलू? ट्रेनिंगच्या शेवटी परीक्षा होती म्हणे. नववीत नापास झालो तवापासून परीक्षेचं नाव काढलं की मी मागच्या दारानं पळतो. तुम्ही खोटं बोलले अन् मी सुटलो. घरी जाऊन शिरा खाल्ला!"

छातीवरची गाडी कोणी जॅक लावून उचलावी तसं मला झालं.

"पण अवंदा टाका नाव," ते हळूच म्हणाले. "जुन्या गाड्या कमी येऊन राह्यल्या. कानाले काम पाह्यजे. नव्या गाडीतही काहीतरी वाजत असनच."

पेचकस रुमालात गुंडाळून ते नागपूरला गेले. आठवडाभर वर्कशॉपमध्ये कोणी कोणाला चूप बस म्हणालं नाही. एकदा आजूबाजूला पाहून मीच एक पेचकस इंजिनाला लावला, डोळे मिटले. घरघर ऐकू आली, बस. त्यांना त्या घरघरीत काय ऐकू येतं, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.