समुद्र उजव्या हाताला

दादा हेल्मेट घरातच घालायचे आणि मग दारातून वाकून बाहेर पडायचे. टायरमध्ये हवा भरली की त्यावर बोटांनी टकटक करायचे, कलिंगड घेताना करतात तशी. सायकल स्टँडवर कधी लावायचे नाहीत. सीट भिंतीला टेकवायचे. चढावर संत्रं सोलून खायचे आणि साली शर्टाच्या मागच्या खिशात ठेवायचे. मागून हॉर्न वाजला की हात करून म्हणायचे, "या साहेब, या, तुमचीच वाट बघत होतो." कुत्र्यांना अहो-जाहो करायचे. रस्त्यावर रंगवलेल्या बाणावर पाय द्यायचे नाहीत. बाण जुना असला, निम्मा उडालेला असला, तरी वळसा घालून जायचे.

मंगळवारी सकाळी दादा गेले. बूट घालायला खुर्चीवर बसले होते. एक बूट पायात होता. वहिनी आत चहा गाळत होत्या. "नाडी बांधताय की जाळं विणताय?" असं त्यांनी आतून विचारलं. उत्तर आलं नाही. दादांकडून उत्तर येत नाही असं सहसा होत नसे, म्हणून त्या बाहेर आल्या.

मला रस्ते खात्याच्या साहेबांचा फोन आला. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग बराच वेळ पेन्सिलींना टोक करत बसले.

दादा आमच्या बेटाच्या रस्ते खात्यात रंगारी होते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, शाळेसमोरचं क्रॉसिंग, धक्क्यावरच्या पार्किंगच्या रेघा, सगळं त्यांच्या हातचं. खात्याचा ट्रक कायम कुणीतरी नेलेला असायचा, म्हणून ते सायकलने जायचे. हँडलला रंगाची बादली, मागे पत्र्याचा साचा बांधलेला. त्यातूनच त्यांना सायकलचं वेड लागलं. वहिनींच्या मते वेड आधीच होतं, त्याला फक्त चाकं मिळाली.

बेटाभोवतीचा सायकलमार्ग ही त्यांचीच कल्पना. धक्क्यापासून निघायचं, किनाऱ्याच्या रस्त्याने पूर्ण फेरी मारायची आणि परत धक्क्यावर यायचं. नकाशा हातात धरायला नको, रस्त्यावरचे बाण बघत जायचं. साहेबांनी दोन वर्षं "बघू" म्हटलं, मग पर्यटन कार्यालयाने होकार दिल्यावर "मी तर आधीपासूनच म्हणत होतो" म्हटलं. दादांनी एकट्याने बाण रंगवले. मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, पर्यटन कार्यालयात काम करते. साहित्यात पदवी घेतली आहे म्हणून नकाशाबरोबरचा मजकूर माझ्याकडे आला. आमची ओळख तिथली.

पहिला मसुदा वाचून ते म्हणाले, "कवयित्री, हे 'नयनरम्य' म्हणजे चढ आहे का उतार?"

"म्हणजे छान दिसतं."

"मग माणूस बघत बसेल आणि खड्ड्यात जाईल. आधी खड्डा लिही."

मी खड्डा लिहिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी खात्यात भांडून तो बुजवून घेतला आणि वर येऊन सांगितलं, "खोड आता. तुझं नयनरम्य परत घाल."

मार्ग कुठल्या दिशेने असावा याचा त्यांनी फारसा विचार केला नव्हता. समुद्र डाव्या हाताला. आमच्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणजे सायकलवाल्याच्या आणि पाण्याच्या मध्ये फक्त कठडा. "दुसऱ्या बाजूने जाऊन डोंगराचं काय बघायचं? झुडपं?" असं ते म्हणायचे. रोज सकाळी कामाच्या आधी ते त्याच दिशेने फिरून यायचे. खिंडीचा उतार त्यांचा आवडता. वर डोंगर दुभंगलेला, खाली रस्ता एकदम वळतो आणि समोर पाणीच पाणी.

त्या उतारावर वहिनी पडल्या.

वहिनी औषधाच्या दुकानात काम करतात. दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा त्या सायकल काढायच्या. खिंडीतून वारा आला आणि त्यांना सायकलसकट उचलून कठड्यावर टाकलं. खांद्याजवळचं हाड मोडलं. कठडा होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. दादांना वाटलं ब्रेकची चूक. त्यांनी ब्रेक उघडून बघितले, ब्रेक उत्तम होते. मग एका दुपारी ते स्वतः त्या उतारावर गेले आणि चालत परत आले. चेहरा उतरलेला.

"मी तो रस्ता दुपारी सायकलवर कधी केलाच नव्हता," ते मला म्हणाले. "सकाळी वारा पडलेला असतो. दुपारी मी तिथे असायचो, पण गुडघ्यांवर. बाण रंगवत. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वारा जातो, कळतसुद्धा नाही. मीच बाण काढून लोकांना त्या वाऱ्याच्या तोंडी दिलं गं."

उपाय त्यांनी शोधला होता. मार्ग उलटा करायचा. मग खिंडीत उतार नाही, चढ लागतो; माणूस हळू जातो, डोंगराच्या अंगाने जातो, आणि वारा आलाच तर पाय टेकून थांबता येतं. समुद्र रस्त्यापलीकडे, उजव्या हाताला.

साहेब म्हणाले, "सीझन तोंडावर आलाय. एका हाडासाठी अख्खं बेट फिरवायचं का?"

"हाड माझ्या घरातलं आहे, साहेब."

"तुमच्या बायकोला सांगा दुपारी झोपत जा म्हणून."

"ती जागी असते तेव्हा तिला सांगायची माझी हिंमत नाही."

साहेब हसले आणि परवानगी दिली. सीझनच्या पहिल्या बोटीच्या आत संपवायचं, एवढी अट घातली. मदतीला माणूस नाही.

वहिनींना हे पसंत नव्हतं. गळ्यात हात अडकवलेला असताना त्या मला म्हणाल्या, "पडले मी, आणि शिक्षा समुद्राला. आता सगळे यांचे डोंगर बघत फिरणार." दादा समोरच बसले होते. म्हणाले, "मान वळवता येते माणसाला." वहिनी म्हणाल्या, "मला सध्या येत नाही." दोघं हसले. वहिनींचं हसणं खांद्यापाशी अडलं.

काम सोपं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी समुद्राकडचा जुना बाण काळ्या रंगाने बुजवायचा, मग रस्ता ओलांडून डोंगराच्या बाजूला खडूने चौकट आखायची, साचा ठेवायचा आणि नवा बाण रंगवायचा. मी म्हटलं, खिंडीपासून सुरुवात करा, धोका तिथे आहे. त्यांनी मान हलवली.

"माणूस पहिल्या बाणावर विश्वास ठेवतो. धक्क्यावरचा बाण फिरवला की बोटीतून उतरलेला प्रत्येक जण नव्या दिशेने निघेल. खिंडीत पोचेल तो चढायलाच. ओळीने करत गेलो की कुणी चुकत नाही."

"आणि तुमचं काम मध्येच राहिलं तर?"

"मला काय धाड भरलीय?"

नव्या दिशेने खिंड अगदी शेवटी येते. मी वर कार्यालयात बसून मजकुरातल्या सगळ्या डाव्या बाजू उजव्या केल्या. नकाशे छापून आले.

सोमवारी संध्याकाळी ते पाण्याच्या टाकीजवळच्या फाट्यापर्यंत पोचले होते. बेटाची साधारण निम्मी फेरी. तिथून एक रस्ता किनाऱ्याने पुढे जातो, एक आत गावात. दव पडायला लागलं होतं आणि ओल्या रस्त्यावर रंग धरत नाही. त्यांनी बादलीवर झाकण ठेवलं आणि जाता जाता माझ्या खिडकीखाली थांबून सांगितलं, "उद्या टाकी. मग पुढे पळतंच."

सगळं आटोपल्यावर साहेबांनी वहिनींना कार्यालयात बोलावलं. कागदांवर सह्या हव्या होत्या, मी सोबत गेले होते. सह्या झाल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "तो मार्ग अर्धवट आहे. नवा रंगारी सीझनच्या मध्यावर मिळेल. तोवर धक्क्यावरचा बाण होता तसा करतो. एकच बाण आहे, शिपाईसुद्धा करेल. टाकीपुढचे बाण उलटे दिसले तरी किनाऱ्याचा रस्ता एकच आहे, लोक जातील. तुम्हालाही तीच बाजू आवडायची ना?"

"आवडायची नाही, आवडते," वहिनी म्हणाल्या. "पण धक्क्यावरच्या बाणाला हात लावू नका."

"अहो, पण टाकीपाशी लोक अडकतील. पुढचे बाण त्यांच्याकडे तोंड करून आहेत. त्यांना वाटेल आपणच चुकलो. उलटे फिरतील, नाहीतर गावात शिरतील."

"अडकू देत. मी सांगेन त्यांना."

"तुम्ही? रोज?"

"दुपारी दुकान बंदच असतं."

सकाळचं मी बघते म्हणून मी सांगितलं. साहेबांनी धक्क्यावरच्या बाणाचा विषय सोडला. खिंडीजवळ दोन हॉटेलं आहेत. तिथे मुक्कामाला उतरलेल्या लोकांनी दारातला जुना बाण बघून थेट उतार धरला असता. तो बुजवायला साहेबांनी शिपायाला पाठवलं. शिपायाने तेवढं नीट केलं.

पहिली बोट शनिवारी आली. मी सकाळी टाकीच्या फाट्यावर उभी होते. सायकलवाले आले, बाण संपले म्हणून थांबले. मी हात करून म्हटलं, "सरळ. किनारा सोडू नका. समोरचे बाण बघू नका." एकाने विचारलं, "रंगवणारा कुठे गेला?" मी "सरळ" एवढंच म्हटलं. दुपारी वहिनी आल्या. त्यांनी सायकल ढकलत आणली होती. अजून चालवत नाहीत.

"किती जण परत फिरले?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"बरं. जा, जेवून घे."

मी गेले नाही. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. गाडी आली की बाजूला होत होतो.

फाट्याच्या समुद्राकडच्या बाजूला जुना बाण बुजवलेला आहे. काळा रंग नीट बसलाय, कडा सरळ आहेत. रस्ता ओलांडला की डोंगराकडे डांबरावर खडूची चौकट आहे, साचा ठेवण्याएवढी. टायर जाऊन तिची एक बाजू पुसट झाली आहे. चौकटीच्या आत नुसतं डांबर आहे.