‘मेनो’ म्हणजे राहणं

पाळकसाहेब रजेवर गेले, की आमच्या चर्चमधला रविवारचा संदेश माझ्या गळ्यात पडतो. या वेळी विषय देऊन गेले ‘मेनो’. ग्रीक क्रियापद, अर्थ राहणं. द्राक्षवेलीच्या दाखल्यात येशू शिष्यांना म्हणतो ना, माझ्यात राहा, तेच हे. आता यावर वीस मिनिटं काय बोलायचं, कपाळ? राहा म्हटलं की राहायचं! त्यातून तिथल्या ‘जो राहतो’चं ग्रीक रूप असं, की ते राहणं एकदाचं उरकून मोकळं होता येत नाही, ते चालूच असतं. ते मराठीत कसं सांगावं, या विचारानं डोकं तापलं.

खोटं कशाला बोलू, डोकं आधीच तापलेलं होतं. बायकोला पुण्याच्या एका शाळेनं मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं. ती मूळची तिकडचीच. लग्न होऊन नागपूरला आली ती आमच्या उन्हाला आणि बोलीला नावं ठेवतच. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि बाईसाहेब तोंडातून चकार शब्द काढत नव्हत्या. ती गेली तर माझं काय, ही धास्ती मला लागली होती. मग काय, सकाळी मीच भांडण उकरलं.

“तुले जायचं असन तर जा ना! मी काहून अडवू?”

“अडवलंस तरी चालेल की,” ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मी फणफणत शब्दकोश उघडून बसलो.

संध्याकाळी ती गच्चीत भावाशी फोनवर बोलत होती. फोन स्पीकरवर होता. मी दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला जिना चढत होतो.

“नाही दादा, नाही म्हणून कळवलं मी त्यांना. अरे, का म्हणजे काय? मी इथं राहून राहिली ना!”

मी पायरीवरच थबकलो. अरे देवा, हेच तर मला ग्रीकातून मराठीत आणायचं होतं!

तिकडे मेहुणा खो खो हसला. “राहून राहिली? हे कुठलं मराठी गं?”

“हसतोस काय?” ती उसळलीच. “आम्ही असंच बोलतो.”

आम्ही! माझे डोळे भरून आले. नाक पुसतच वर गेलो.

“सर्दी झाली का रे?” तिनं विचारलं.

“होऊन राहिली,” मी म्हटलं.