तिसऱ्या बेसखालचं स्वयंपाकघर

लॉस एंजेलिसमधले माझे शेजारी राफाएलकाका अंगणात टीव्ही मांडतात, पण बेसबॉलची मॅच बसून बघत नाहीत. येरझाऱ्या घालून त्यांनी असा चर पाडलाय, की पुढच्या मोसमात तिथं पाणी लागेल. त्यांच्या लहानपणी त्यांची मेक्सिकन वस्ती पाडून तिथंच त्यांच्या आवडत्या टीमचं स्टेडियम बांधलं; आजची मॅचही तिथलीच.

"मैदानातला तो तिसरा बेस आहे ना, तिथं आमच्या आईचं स्वयंपाकघर होतं!"

"आणि तरी त्याच टीमसाठी घसा फोडता?"

"घर तिथं आहे, तर ओरडू कुठं दुसरीकडे?"

हे ऐकलं आणि मलाही बसवेना. आमचं गाव धरणात गेलं, तेव्हापासून त्या पाण्याकडे मी फिरकलेलोही नाही.

तेवढ्यात टीव्हीवर त्यांच्या टीमचा एक खेळाडू धुरळा उडवत, घसरत तिसऱ्या बेसवर पोचला. काका गरजले, "शाबास पोरा! पण आत येताना पाय पूस!"