मडिवाळमामांचं बोट

मडिवाळप्पा विजेला भितात, हे आमच्या सोलापूरच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पंखा लावताना ते बटणाकडून तोंड फिरवून घेतात, जणू बटण थोबाडीत देणार आहे. अशा माणसाने वळसंगहून रोज ये-जा करून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं अटेंडंटची नोकरी काढली. सगळे त्यांना मामा म्हणतात.

मामांची एक विद्या मात्र पक्की. पाण्यात बोट बुडवून ते तापमान सांगतात, आणि क्वचित चुकतो तो थर्मामीटरच. बोट घालायचं ते अर्थात वीज बंद करून.

जीवशास्त्राच्या भुवनेश्वरी मॅडमनी दोन नवे वॉटर बाथ, म्हणजे पाणी हव्या त्या तापमानावर ठेवणारे डबे, आणले. दिसायला जुळे, डब्यावर ना आकडा, ना तापमानाचं बटण. दोन्हींची एकेक वायर संगणकाच्या यूएसबीत, आणि हुकूम संगणकाचा. पहिल्यात ज्वारीच्या अंबिलीतले जंतू सदतीस अंशांवर जपायचे. मॅडमनी दोन वर्षं खपून वेचलेले, पुन्हा न मिळणारे. दुसऱ्यात पीठ कालवून पंच्याऐंशीवर शिजवायचं. वायरी हलवू नका, मॅडमनी बजावलं होतं, संगणक डब्याला ओळखत नाही, भोकाला ओळखतो. मामांनी मान हलवली. मान ते सगळ्यालाच हलवतात.

दसऱ्याला मॅडम दुधनीला माहेरी गेल्या. जाताना जंतूंचे चौदा चंबू पहिल्या बाथमध्ये ठेवून, दसऱ्याच्या दुपारी बाराला दोन्ही बाथ आपोआप सुरू होतील अशी संगणकात सोय करून गेल्या.

मधे आली खंडेनवमी. यंत्रांची पूजा मामांकडे. पूजेआधी पुसायचं, आणि वायर असताना ओलं फडकं लावायची मामांची छाती नाही. त्यांनी सगळ्या वायरी काढल्या, डबे लख्ख केले, विभूतीचे तीन पट्टे ओढले, फूल वाहिलं आणि वायरी पुन्हा खुपसल्या.

दसऱ्याच्या सकाळी घरी मामांची बायको काशम्मा चहाची आच वाढवायला गेली आणि नव्या शेगडीवर दुधाचं बटण पिळून बसली. दूध उतू गेलं, चहा तसाच. मामा हसायला लागले आणि मधेच थांबले. कुठली वायर कुठल्या भोकात होती?

मॅडमचा नंबर तीनदा काढून तीनदा फोन खिशात ठेवला. सांगणार काय? सणाचं जेवण टाकून ते सणामुळे उशिरा आलेल्या बसमध्ये चढले. वाटेत कुंभारीलाच बारा वाजत आले, तेव्हा सिद्रामेश्वराचं नाव घ्यायलाही त्यांच्या तोंडात ओल उरली नव्हती.

प्रयोगशाळा उघडली तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर सगळं शहाण्यासारखं: पहिला सदतीसवर स्थिर, दुसरा चाळिशीच्या पुढे चढतोय. मामांना पेच पडला. वीज बंद करावी आणि वायरी बरोबरच निघाल्या तर प्रयोग मोडला. चालू ठेवावी आणि चुकलेल्या असल्या तर चंबूंची आमटी. खरं कळायचा एकच मार्ग होता, आणि तो चालू विजेतून जात होता.

त्यांनी तोंड फिरवलं, डोळे मिटले आणि चंबूंच्या पाण्यात बोट घातलं.

चव्वेचाळीस.

भिंतीवरचं बटण त्यांनी कोपरानं पाडलं. चंबू एकेक करून टॉवेलवर काढले. मग फोन लावला. बोटापेक्षा हे अवघड होतं.

"मॅडम, वायरी म्या काढल्या हुत्या. पूजेसाठनं."

पलीकडे घरातल्या पोरांचा गलका ऐकू येत होता.

"चंबू?" मॅडमनी विचारलं.

"भाईर काढले. चौदाच्या चौदा हायत."

"पाणी किती होतं?"

"चव्वेचाळीस. संगणक सदतीस म्हनत हुता की."

"नक्की चव्वेचाळीस, मामा? पन्नास असेल तर सगळे मेले."

"चव्वेचाळीस."

"मग जगतील." मॅडमनी श्वास सोडला. "बाथ चालू असताना बोट घातलंत?"

"व्हय."

"भ्याला नाहीत?"

"लई भ्यालो, मॅडम. अजून बसलोय खालीच."

जंतू जगले. दोन्ही वायरींना आता लाल आणि पिवळा दोरा बांधलाय. तरी संगणकाला हुकूम दिल्यावर मॅडम दहा मिनिटांनी मामांना हाक मारतात. मामा येतात, वीज बंद करायला लावतात, तोंड फिरवतात आणि बोट पाण्यात घालतात.